चार्जर धरून किती वजन?

३ फेब्रुवारी, सोमवार
जालन्याला मीटिंग. केदार सर पुण्याहून आल्ते. एरिया मॅनेजरची जागा निघाली. तीन जिल्हे! इंटरव्ह्यू आठ एप्रिलला, ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर. लॅपटॉप आपल्या पसंतीनं घ्यायचा, बिल कंपनी देणार. एकोणीस वर्षं ह्या बियाणं कंपनीसाठी मोटरसायकल घासून राह्यलो. जागा माझीच आहे. दुसरं आहेच कोण? कल्याण. आठ वर्षांनी ज्युनियर, अन् त्याचा लॅपटॉप म्हणजे पाटा. उचलायला दोन माणसं लागतील.
संकल्प : रविवारच्या आत लॅपटॉप घरात. हलका, बिझनेसवाला, टूरला बराबर.

९ फेब्रुवारी, रविवार
लॅपटॉप घरात न्हाई. चूक माझी न्हाई. सगळे वजन सांगतात ते चार्जर सोडून. अरे, चार्जर काय मागून चालत येणार आहे का? ह्या एका मुद्द्यावर आठवडा गेला. पण मुद्दा बिनतोड आहे.

११ फेब्रुवारी
वडीगोद्रीला गेल्तो. पुंजाराम शेतकरी भेटला. वाण दुसऱ्याच्या वावरात पाहिल्याशिवाय बियाण्याचं पाकीट घेणार न्हाई म्हणतो. पाच दुकानं फिरतो, पाकीट उलटंसुलटं करून ठेवून देतो. त्याला म्हणलं, असं करून माणूस पुढं जात न्हाई, पुंजाराम. एकदा ठरवायचं अन् टाकायचं. तो नुसता हसला.

१४ फेब्रुवारी
जालन्यात लॅपटॉपची पाच दुकानं पाहिली. एकही पटलं न्हाई. पहिल्यात कीबोर्डला लाल-निळे लाईट, वरातीची गाडी बरी. दुसऱ्यात हलका होता, पण झाकण एका बोटानं उघडेना. तिसऱ्यात उन्हात स्क्रीन दिसते का ते बघायला मशीन घेऊन रोडवर आलो, तर दुकानदार ओरडत मागं. आम्ही काय एसीत बसून काम करतो का? फील्डवाल्याला ऊनच असतं. समजून सांगितलं, समजला न्हाई. चौथ्या-पाचव्यानं विचारलं, काम कोणतं करणार? म्हणलं, सगळं. तर म्हणे, म्हणजे नेमकं काय काय? असले प्रश्न विचारणाऱ्याकडं मी घेत न्हाई.

१८ फेब्रुवारी
स्वतःच प्रयोग केला. बॅगेत दीड किलो तूरडाळ टाकून अंबड ते आष्टी, आष्टी ते अंबड. निष्कर्ष : दीड किलो डाव्या खांद्याला कळतं. उद्या सव्वा किलो.
घरी आलो तर वंदनानं विचारलं, डाळ फिरवून आणली का? बायको असून करिअरची काडीची कदर न्हाई.

१९ फेब्रुवारी
सव्वा किलो कळत न्हाई. पण पिशवी फुटली. बॅगेत अजून डाळ निघून राह्यली.

२३ फेब्रुवारी, रविवार
शीतलला पुण्यात नोकरी लागली. एक तारखेला जाणार, तिचा लॅपटॉप घेऊन. पोरगी हुशार आहे, बापावर गेली. सहा वर्षांपासून माझे मंथली रिपोर्ट तिच्याच मशीनवर होतात. म्हणजे मी सांगतो, ती बटणं दाबते. डोकं माझं, बोटं तिची. रिपोर्ट माझाच झाला की.
ती म्हणली, पप्पा, जायच्या आधी रोज एक तास बसा माझ्याजवळ, टायपिंग अन् एक्सेल शिकवून देते. म्हणलं, आधी मशीन ठरू दे. ह्या मशीनवर शिकायचं अन् दुसऱ्यावर काम करायचं, बोटांना उगाच वाईट सवय लागते. तिनं पुन्हा विचारलं. मी थोडं जोरात बोललो. मंग न्हाई विचारलं.

१ मार्च
सकाळच्या गाडीनं गेली. घर मोकळं मोकळं वाटून राह्यलं. फेब्रुवारीचा रिपोर्ट पाच तारखेला द्यायचा आहे.

४ मार्च
रिपोर्ट वहीत लिहिला, फोटो काढून शीतलला व्हॉट्सॲपवर टाकला. तिनं टाईप करून ऑफिसला पाठवून दिला. पाहा, दूर राहूनही सिस्टीम चालू आहे. ह्यालाच मॅनेजमेंट म्हणतात.

१६ मार्च, रविवार
कल्याण घरी आल्ता. म्हणला, रामकिसनभाऊ, चला बसू, इंटरव्ह्यूची तयारी जोडीनं करू. मला भाऊ म्हणतो अन् माझ्याच पोटातलं काढायला येतो! त्याचा पाटा उघडून बसला तर कट्कट् कट्कट्, बघायचा इकडं अन् लिहायचा तिकडं. मी म्हणलं, वजन किती? म्हणला, माहीत न्हाई भाऊ, कधी केलंच न्हाई. हा माणूस तीन जिल्हे सांभाळणार!

२२ मार्च
निवड पक्की. दोन मॉडेल. एक चार्जर धरून एक किलो दोनशे ऐंशी, दुसरं एक किलो तीनशे दहा. तीस ग्रॅमवर तीन दिवस गेले. शीतलचा फोन आला, म्हणली कोणतंही घ्या पप्पा, पण ह्या आठवड्यात हात बसवा. तिला तीस ग्रॅमचं महत्त्व कळत न्हाई. लहान आहे.

३० मार्च, पाडवा
घेतला! एक किलो दोनशे ऐंशी. मुहूर्तावर वंदनानं हळद-कुंकू वाहिलं, मी नारळ फोडला, दूर अंगणात, मशीनला पाणी लागू दिलं न्हाई. दुकानदारानं सगळं चालू करून दिलं होतं. झाकण एका बोटानं उघडतं. चार वेळा उघडलं, बंद केलं. फर्स्ट क्लास.

५ एप्रिल
सहा दिवस बॅगेत घेऊन फिरून राह्यलो. घनसावंगी, परतूर, आष्टी. खांद्याला बिलकुल कळत न्हाई. दुकानदार मान देतात. आष्टीच्या एकानं म्हणलं, दाखवा की चालू करून. म्हणलं, धूळ जाते.
उद्यापासून प्रॅक्टिस. रोज दोन तास.

७ एप्रिल
काल पाहुणे होते. आज डोकं जड आहे. मुख्य म्हणजे आकडे सगळे पाठ आहेत. बटणं तर काय, समोरच असतात.

८ एप्रिल, मंगळवार
केदार सरांनी आम्हा दोघांना एकत्रच बसवून वीस मिनिटं दिली. तालुकावार मागच्या वर्षीची विक्री अन् यंदाचं टार्गेट, टेबल करा म्हणले.
माझा लॅपटॉप पाहून सगळे वा वा म्हणले. इथपर्यंत उत्तम.
ए सापडला. एम सापडला. बी कुठं ठेवतात काय माहीत. वीस मिनिटांत Ambad झालं, खाली Ghan झालं, मंग काहीतरी दाबलं गेलं अन् Ambad गेलं. घामानं बोटं घसरत होती. बाजूला कल्याणचं कट्कट्.
सर म्हणले, राहू द्या, तोंडी सांगा. मंग मी सांगितलं. कोणत्या गावात किती पाकिटं, कोणी परत केली, का केली, सगळं, कागद न पाहता. सर पेन खाली ठेवून ऐकत होते. कल्याण टाईप करत होता. मी सांगितलेलं टेबल त्याच्या स्क्रीनवर झालं.
कीबोर्डच बारीक आहे. मशीन हलकं केलं की असं होतं. ही गोष्ट कोणीच आधी सांगत न्हाई.

१४ एप्रिल
कल्याण एरिया मॅनेजर. पाया पडायला आल्ता. म्हणला, भाऊ, आकडे तुमचेच होते, मी सरांना तसं सांगितलं. मला राग येईना, अन् राग येत न्हाई ह्याचाच राग आला. जाताना खाली बघत म्हणला, मला आता तीन जिल्हे फिरायचेत, माझा फार जड होतो. तुमचा हलका आहे. सर म्हणले, भाऊंना चालत असंल तर बदलून घ्या.
दिला. कुंकू पुसून दिला.

१५ एप्रिल, दुपार
कल्याणचा पाटा टेबलावर आहे. सकाळी दार लावून घेतलं अन् एका बोटानं माझं नाव काढलं. अकरा मिनिटं लागली. त्यातही एक अक्षर चुकलं.
जेवायला बसल्यावर वंदनाला एकदाचं सांगून टाकलं, की मला टायपिंग येत न्हाई. कधीच येत नव्हतं. भीती वाटत होती, म्हणून वजनं करत बसलो. सहा वर्षं शीतल करायची सगळं, अन् ऑफिसात मी कुणाला पत्ता लागू दिला न्हाई.
वंदना म्हणली, केदार सरांना माहीत होतं की. रिपोर्टमधी काही चुकलं तर ते शीतललाच फोन करायचे. अन् विचारलं, भाजी वाढू का अजून.