पावसात तुटलेला फोन

४ नोव्हेंबर
आईला तपासायला घरी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी मला खोलीबाहेर नेलं. "भावाला बोलावून घ्या," एवढंच म्हणाल्या. आत आले तर आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "धाकट्याला काही कळवायचं नाही. आत्ता कुठे जहाजावर रुळलाय. माझ्या गळ्याची शपथ!"
शपथ घेतली. काय करणार?

५ नोव्हेंबर
कामावर गेले. दिवसभर पाऊस कोसळतोय. धाकट्याच्या जहाजाचे फोन आमच्याच केंद्राच्या छत्रीतून, म्हणजे मोठ्या डिशमधून, उपग्रहाकडे जातात, आणि आज सगळं तुटतंय. थेंब लहरी गिळतात, उरलेल्या उधळून लावतात. आम्ही लहरींचा जोर वाढवत राहतो. शेवटी यंत्रही हात टेकतं.
घरी येऊन आईला सांगितलं. "एवढी मोठी छत्री तुमची, आणि पावसातच बंद?"
किती दिवसांनी हसली! मग खोकल्याची उबळ.

६ नोव्हेंबर
पाऊस. आई जेवली नाही.

७ नोव्हेंबर
धाकट्याचा फोन आला, भर पावसात. मी आईच्या तोंडाशी धरला. "आई, आवाज असा का? खरं सांग." तुटक तुटक, पण ऐकू येत होतं. आईने माझ्याकडे रोखून पाहिलं — "कोणी म्हणेल लगेच ये, तर ऐकू नकोस. मी ठणठणीत आहे."
पलीकडे नुसतं हॅलो, हॅलो. मग काहीच नाही.
दोन वाक्यांसाठी केवढी दमली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

९ नोव्हेंबर
उघडीप. फोन लागला असता. हातात घेतला, खाली ठेवला. शपथ.

१२ नोव्हेंबर
दार उघडलं तर धाकटा! खांद्यावर बॅग, दाढी वाढलेली. मला बाजूला सारून तो सरळ आईजवळ गेला. मी चहा टाकायला वळले. परत आले तेव्हा आई त्याचे केस सारखे करत होती. चेहरा किती निवांत.
कळवलं कोणी? केंद्रातलं कोणी बोललं असेल.

१३ नोव्हेंबर
आई पहाटे गेली.

१५ नोव्हेंबर
धाकटा आज बोलला. "ताई, तू लपवलंस. शेवटी तिलाच सांगावं लागलं. त्या दिवशी फोनवर तिचं धड काही ऐकू येईना, एवढंच आलं — लगेच ये. पुढच्या बंदरात उतरलो. आल्यावर तिला म्हटलंसुद्धा, तू बोलावलंस म्हणून आलो. तर म्हणाली, हो रे, मीच बोलावलं."
मी होकारार्थी मान हलवली.