बाळाचे कान टोचण्याआधी

सुलतान बाजार, हैदराबाद

प्रिय आईस,
अमरदीपचा प्रेमाचा जयभीम.

मी आता बरा आहे, जेवणही वेळेवर होतं. फोनवर तू रडायला लागतेस आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितो आहे.

दाढ काढल्यावर माझं रक्त थांबेना. मोठ्या दवाखान्यात तपासलं. प्लेटलेट पुरेशा आहेत, पण रक्त गोठवणारा एक घटक जन्मापासूनच कमी आहे. याला हिमोफिलिया म्हणतात. इंजेक्शन दिलं आणि रक्त थांबलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "छोटे थे तब भी ऐसा हुआ क्या?"

मला चुलीपुढची तू आठवलीस. भाकरी थापताना सांगायचीस, सोनाराने माझे कान टोचले आणि तू दोन दिवस हळद दाबत बसलीस. शेजारची विमलाकाकू म्हणाली, "पोराचं रक्त लई गरम हाय गं!" आपण किती हसायचो. आई, ते हेच होतं.

हा आजार आईकडून मुलाकडे येतो. यात तुझा काही दोष नाही. पण ताईला त्रास नसला तरी तिच्याकडून रेणुकाताईच्या बाळालाही तो आलेला असू शकतो. पुढच्या महिन्यात त्याचे कान टोचणार आहात ना? आधी त्याचं रक्त तपासून घ्या. दाजी रागावले तर माझं नाव सांग. तुझे गुडघे कसे आहेत?

मामा म्हणून बाळाच्या कानात घालायच्या बाळ्या मी घेऊन ठेवल्या आहेत. तपासणी चांगली निघाली तर बाळाला मांडीवर मीच घेईन. तोवर सोनार आला तर त्याला चहा पाज आणि परत पाठव.

तुझाच,
अमरदीप