साधना मॅडमची रजा आणि माझा नारळ

१ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी नियमित. साधना मॅडम बाळंतपणाच्या रजेवर आहेत आणि जाफराबादच्या या शाळेत त्यांच्या जागी विज्ञान मी शिकवतो. लोक ‘तात्पुरते’ म्हणतात. मी तो शब्द वापरत नाही, शिकवण्यावर परिणाम होतो. दिवाळीनंतर मॅडम येतील तेव्हा पोरंच म्हणतील, आदिनाथ सरांना जाऊ देऊ नका. तशी चिन्हं आहेत.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. पोरं शिक्षक झाली. एक झाला मुख्याध्यापक, एक झाला पीटीचे सर, आठवीतली संध्या साडी नेसून साधना मॅडम झाली. माझं सोंग कुणी घेतलं नाही. मला हुबेहूब करणं अवघड असणार. संध्यानं माझाच तास घेतला. मी मागच्या बाकावर बसलो. चांगलं शिकवते पोरगी.

१३ सप्टेंबर, शनिवार
मारुतीला गेलो. स्वतःसाठी नाही, विद्यार्थीहितासाठी. मध्येच शिक्षक बदलला की पोरांचं नुकसान होतं. म्हणून नवस बोललो: मॅडमची रजा वाढू दे, नारळ वाढवीन. एवढंच. यात कुणाचं वाईट नाही.

१९ सप्टेंबर
पावला! मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, मॅडमची रजा उन्हाळ्यापर्यंत वाढतेय, तुम्हीच थांबा. स्टँडवर भजी खाल्ली. आईला फोन केला. ती म्हणाली, आता गावात, धावड्यात सांगायला हरकत नाही ना. म्हटलं, सांग.

संध्याकाळी ६
शाळेतले शिपाई कल्याणमामा भेटले. रजा का वाढली ते विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मामा म्हणाले, “मॅडमचं लेकरू जालन्याला ॲडमिट हाय ना सर. न्युमोनिया झालाय. लई बेजार हाय.”

मी रजा वाढव म्हणालो होतो. कशी वाढव ते सांगायचं राहिलं.

२० सप्टेंबर, शनिवार
सकाळीच मारुतीला. गैरसमज दूर करायला. आधी म्हटलं, बाळ बरं कर, रजा मात्र राहू दे. बालसंगोपनासाठीही रजा असते. मग देवाकडे बघवेना. लाज वाटली, खरंच वाटली. म्हटलं, बाळ बरं कर, रजा परत घे. बाहेर नारळ विकणाऱ्या गोजरबाईनं विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, मॅडमच्या बाळासाठी. तिनं स्वतःच हात जोडले.

२१ सप्टेंबर
जालन्याला दवाखान्यात जाऊन आलो. मॅडमना सगळं सांगायचं ठरवूनच निघालो होतो. बाळाच्या नाकाला नळी, एवढासा हात. मॅडमचे डोळे सुजलेले. तरी मलाच विचारलं, “पोरं त्रास देऊन राह्यली का हो सर?”
सांगितलं नाही. भिंतीवर ‘शांतता राखा’ असं लिहिलं होतं.
जीपमध्ये सबंध रस्ता तो हात दिसत होता.

२७ सप्टेंबर
बाळ घरी आलं. सासूबाई सांभाळणार आहेत, त्यामुळे मॅडम उरलेली रजाही न घेता सोमवारी हजर होणार. म्हणजे दिवाळीपर्यंतचंही गेलं. देवानं या वेळी फारच बरोबर ऐकलं. मी आनंदात आहे. हे मुद्दाम लिहून ठेवतो. आईला कळवलेलं नाही. नेटवर्क नव्हतं.

२९ सप्टेंबर
प्रार्थनेच्या वेळी मॅडम माझ्याबद्दल बोलल्या. गोजरबाईनं त्यांच्या सासूबाईंना सांगितलं होतं. “मी परत आले की यांचं काम जाणार, हे ठाऊक असून या सरांनी माझ्या लेकरासाठी नवस केला. असं कोण करतं?” त्या रडल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून म्हणालो, “खरं म्हणजे...” टाळ्या वाढल्या. बसलो.
मग शाल आणि नारळ देऊन निरोप. नारळ घेताना मी मान वर केली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, सर भावुक झाले.
फाटकापाशी संध्या भेटली. म्हणाली, “सर, तुमचं नाव काय हो? आम्ही मॅडमच्या बदलीचे सर असंच म्हणायचो.”

४ ऑक्टोबर, शनिवार
धावडा. आईला सांगून झालं. तिनं ताट वाढलं.
दुपारी कल्याणमामांचा फोन. जाफराबादशेजारच्या गावातल्या शाळेत एक मॅडम डिसेंबरपासून बाळंतपणाच्या रजेवर जाणार, अर्ज देऊन ठेवा म्हणाले. अर्ज देऊन आलो.
येताना जाफराबादला उतरून मारुतीला गेलो. फक्त दर्शनाला. काही मागायचं नाही, हे पायरीवरच ठरवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहू दे, एवढंच म्हणालो, दोनदा म्हणालो. रजेचा विषय मी काढला नाही. तेवढं देवाला कळतं.
गोजरबाईकडून नारळ घ्यावा लागला नाही. शाळेनं दिलेला पिशवीत होताच.