गादीची माझी बाजू

मी, सौ. भागिरथी कचरू पातारे, वय सहासष्ट, सेवानिवृत्त लिपिक, राहणार सावेडी, अहिल्यानगर (जुन्या दस्तांत हेच शहर अहमदनगर आहे, उगाच कुणी दोन शहरे करू नयेत), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. आणायचा प्रयत्न घरातल्या सगळ्यांनी केला, तो पुढे येईलच.

माझी नोकरी नेवाशाला, दस्त नोंदवण्याच्या कचेरीत झाली. दुसऱ्यांची मृत्युपत्रे वाचण्यात आयुष्य गेले. सख्खे भाऊ टेबलासमोर एकमेकांना साहेब म्हणताना पाहिले. त्यामुळे कुणी गोड बोलले की मी आधी त्याचा कागद बघते. पुढच्या महिन्यात पुण्याला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. मी विचारलेच नव्हते, तरी म्हणाले. म्हणून हे लिहिणे.

कलम १. सावेडीतील राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्यामागे माझे पती श्री. कचरू यांनी तहहयात वापरावे. विकू नये, गहाण टाकू नये आणि कुणाला तोंडी शब्द देऊ नये. ते एसटीत चालक होते. हात सढळ, जीभ त्याहून सढळ. एका चहावर माणूस त्यांना वचनात अडकवतो. त्यांच्यानंतर घर आमचा मुलगा संदीप याचे. तो आणि सून शुभांगी वरच्या मजल्यावर राहतात. तो मजला आपलाच, असे ते आजच धरून चालतात. धरू द्यावे.

कलम २. बँकेतील ठेवी पतीच्या. संदीपचे नाव तिथे नॉमिनी म्हणून आहे, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे त्याने लक्षात ठेवावे. माझी पुस्तके विहाराला. गळ्यातली चेन शुभांगीला. तिने ती कधी मागितली नाही, म्हणून मला बरेच दिवस तिचा संशय होता. आता कमी आहे.

कलम ३. खालच्या खोलीतील डबल पलंगावरची कापसाची गादी. खरे सांगायचे तर हिच्यासाठीच लिहायला बसले.

ही गादी पिंजाऱ्याने आमच्या दारात बसून भरली. मध्ये खळगा पडला आहे. नवरा-बायको दोन टोकांना निजलो तरी सकाळी दोघेही खळग्यात. शुभांगी म्हणते, मणक्याला वाईट. असेल.

पण यांना साखरेचा आजार आहे, इन्सुलिन घेतात, आणि झोपेत कधी कधी साखर एकदम उतरते. तेव्हा माणूस हाक मारत नाही. आधी पाय झाडतो, मग अंगाला थरथर सुटते, घामाने बनियन भिजते. ती थरथर गादीतून माझ्यापर्यंत येते आणि मला जाग येते. मी उठवून बसवते, साखरपाणी पाजते. थोड्या वेळाने हेच मला विचारतात, "काय झालं गं?" डॉक्टरांनी औषध कमी केले, दंडाला चिकटवायचे यंत्रही दिले. साखर उतरली की ते मोबाईलवर बोंबलते. हे मोबाईलचा आवाज बंद करून झोपतात. गादीचा आवाज यांना बंद करता येत नाही.

डॉक्टरांनी मला शस्त्रक्रियेआधी सलग झोप घ्यायला सांगितली आणि घरात सगळ्यांना एकदम नवी गादी सुचली. पंखा किती वर ठेवायचा यावर ज्या तिघांचे कधी जमले नाही, ते संदीप, शुभांगी आणि हे एका सुरात बोलू लागले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मला मनमाड रस्त्यावरच्या एका दुकानात नेले. तिथे राजनंदिनी नावाची मुलगी गाद्या दाखवत होती. जोडप्याने गादी दोघांनी मिळून निजून बघायची असते म्हणाली. रस्त्यावरून दिसणाऱ्या काचेमागे मी नवऱ्याशेजारी आडवी होणार नव्हते, झाले नाही. माझे वडील व्यापाऱ्यांची जनावरे हाकत घोडेगावच्या बाजाराला नेत. ते सांगायचे, "इकनाऱ्याच्या तोंडाकडं बघू नगं, जनावराच्या पायाकडं बघ." मी गादीची कड दाबून पाहिली, शिवण पाहिली, वास घेतला. खालून घट्ट, वरून मऊ, कडेला बसले तरी घसरायला होत नव्हते. खोटे कशाला बोलू, गादी चांगली होती.

मग त्या मुलीने गादीच्या एका बाजूला काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि संदीपला दुसऱ्या बाजूला उड्या मारायला लावल्या. माझा मुलगा अंगाने भरलेला आहे. पेल्यातले पाणी हलले नाही. "मावशी, काकांनी कितीबी कूस बदलू द्या, तुमाला पत्ता लागनार न्हाई," ती म्हणाली. बाकीचे कौतुकाने बघत राहिले. मला यांची रात्रीची थरथर आठवली. मी नको म्हणून घरी आले.

तरी त्याच आठवड्यात गादी टेम्पोतून दारात आली. कुणी मागवली, ते कुणी सांगेना. माझा पहिला संशय यांच्यावर. शेजारचे सूर्यभान भावजी चोरून यांना जिलेबी आणून देतात. मला वाटले, माझ्या शेजारून गुपचूप उठून स्वयंपाकघर गाठता यावे, यासाठी ही न हलणारी गादी. रिक्षा केली आणि एकटीच दुकानात गेले. राजनंदिनीला नीट विचारले. तिने खाली मान घातली.

"मावशी, तुमच्या आदी काका एकलेच येऊन गेल्ते. म्हनले, 'मी तडफडलो तरी शेजारच्याला कळू नये, अशी गादी दाव.' मला वाटलं, चेष्टा करतेत."

घरी आले तर हे ओट्यावर शेंगा सोलत बसलेले.

"दुकानात काय बोलला होता तुम्ही?"

"काय न्हाई."

"त्या पोरीनं सांगितलं मला."

हे शेंगा सोलतच म्हणाले, "तुझं काळीज उघडनार हायेत. झोप न्हाई मिळाली तर ते कसं टिकायचं? माझ्या पायी तू किती वर्सं धड निजली न्हाईस."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"झालं तर झोपंतच हुईल. लई तरास न्हाई त्यात."

मला इतका राग आला की चप्पल पायातच राहिली आणि मी तशीच घरभर फिरले. या माणसाने माझ्या झोपेसाठी स्वतःला मोडीत काढले, तेही मला न विचारता, एका परक्या मुलीला सांगून. जिलेबीचा संशय खरा निघाला असता तर मी सुखाने डोळे मिटले असते. माझा या माणसावर जीव आहे. हे वाक्य दस्तात बसत नाही, मला ठाऊक आहे. कुणी खोडू नये.

कलम ४. नवी गादी संदीप आणि शुभांगी यांना, वरच्या मजल्यासाठी. शेजारचा हललेला कळू नये यात सुख वाटावे, असे त्यांचे वय आहे. त्यांना लाभो. केस पिकले की मात्र बदलावी.

कलम ५. माणूस गेला की त्याचे अंथरूण गावाबाहेर टाकायची रीत आमच्या नात्यागोत्यात अजून आहे. बौद्ध झाल्यावर आम्ही पुष्कळ सोडले, पण माझ्या मातीला नेवाशाहून नणंद मनकर्णाबाई येतील आणि दारातूनच म्हणतील, "आदी तिचं अंथरून भाईर काढा." काढू नये. मला उचलावे, गादी उचलू नये. त्यांना फारच वाईट वाटले तर माझी उशी द्यावी. त्या दिवशीही हे त्याच गादीवर निजतील आणि शेजारची जागा रिकामी राहणार नाही.

कलम ६. ती जागा संदीपची. त्याने वडिलांशेजारी, माझ्या बाजूला निजावे. मी त्याची परीक्षा घेतली आहे. दुपारी त्याला माझ्या जागी निजवले आणि यांना पाय झाडायला सांगितले. संदीप घोरत राहिला. मग पाहिले तर हे नुसता अंगठा हलवत होते. "पोराची झोपमोड कशाला?" म्हणाले. मी उशाशी उभी राहिले आणि नीट झाडायला लावले, तेव्हा संदीप दचकून उठला आणि त्याने आधी बापाचा हात धरला, मग डोळे उघडले. लहानपणानंतर बापलेक पहिल्यांदाच एका अंथरुणावर होते. दोघेही लाजले आणि दोन बाजूंनी उतरले. शुभांगी म्हणाली, "आई, मी वर एकटी झोपेन, तुम्ही त्याची काळजी करू नका." मी तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले. काही सापडले नाही.

कलम ७. सूर्यभान भावजींना मी मुद्दाम साक्षीदार केले आहे. जिलेबी आणि इन्सुलिन यांचा संबंध आपल्याला ठाऊक नव्हता, असे त्यांना यापुढे म्हणता येणार नाही. दुसरी साक्षीदार राजनंदिनी. माल विकणाऱ्याने खरे सांगितलेले मी प्रथमच पाहिले.

कलम ८. ज्याला द्यायचे तो देणाऱ्याच्या आधी गेला तर काय, याचे एक कलम प्रत्येक मृत्युपत्रात असावे लागते. लोक ते विसरत आणि मी त्यांना परत पाठवत असे. ते इथे हवे. यांना वाचायला दिले तेव्हा यांनीही तेवढेच विचारले, "आन मी आदी गेलो तर?" मी पेन हातात धरून बसले. साक्षीची सही करायला आलेली राजनंदिनी म्हणाली, "मावशी, जागा कोरी राह्यली." तिला सांगितले, राहू दे.



वरील सर्व मी लिहिले, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: भागिरथी कचरू पातारे

साक्षीदार: १. सूर्यभान शिरसाठ (सही)
२. राजनंदिनी बोरुडे (सही)

स्थळ: सावेडी, अहिल्यानगर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५