सासरी न सांगितलेला आजार

सप्रेम नमस्कार.

लेकीचा टेस्ट ट्यूबने राहिलेला गर्भ पिशवीऐवजी नळीत वाढत होता. परवा ऑपरेशन करून ती नळी काढावी लागली, म्हणून हे पत्र. लेक धोक्याबाहेर आहे. बाळ राहिलं नाही.

"पण गर्भ तर पिशवीतच सोडला होता ना?" जावयांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिशवीत सोडला तरी कधी कधी नळीत सरकतो. नळीला जुनी इजा असेल तर धोका जास्त. पूर्वी पोटाचा काही आजार?"

लेक माझ्याकडे बघत राहिली. कॉलेजात असताना तिला पोटाचा टीबी झाला होता. ते सासरी बोलायचं नाही, हे आपणच तिला बजावलेलं. मी सगळं सांगून टाकलं.

"आई, मी काय हिला परत पाठवलं असतं?" जावई एवढंच म्हणाले. तेव्हापासून कामापुरतं बोलतात. मी आम्हा दोघांचा स्वयंपाक करते आणि एकटी जेवते.

बाई म्हणतात, पुढच्या खेपेला अगदी सुरुवातीलाच सोनोग्राफी करू.

तुमची रक्तदाबाची गोळी चालू आहे ना? झोपण्यापूर्वी गॅस बंद केलाय का बघत जा. तुम्ही इकडे यायची गरज नाही. येणार असाल तर मात्र लवकर या.

तुमचीच

ता. क. टीबीच्या उपचारांची फाईल मी येतानाच बॅगेच्या तळाशी घालून आणली होती. आज सकाळी जावयांच्या हाती दिली, पानं चौदा. त्यांनी उभ्याउभ्याच सगळी वाचली आणि बाईंकडे पोचती केली.