टॅबवर आलेले एकोणीस मेसेज

सूनबाई,

चिमीला बागेत नेतेय. आल्याआल्या टॅब बघ, चहा नंतर घे.

तुझा फोन दुरुस्तीला गेल्यापासून माझ्या लेकाचे मेसेज टॅबवरच यायचे, आणि टॅबचं नेट मीच चार दिवसांपूर्वी बंद करून ठेवलं होतं. काम झालं की नळ बंद करावा, तसं. आज चिमीला कार्टून लागेना, तेव्हा तिनेच ते चालू केलं आणि धडाधड एकोणीस मेसेज आले. जहाजावर सुखरूप आहे तो.

आणि मी तुलाच बोलले, भांडून पाठवलंस म्हणून गप्प बसलाय. चुकलं माझं.

मी काही उघडलेलं नाही. शेवटचा तेवढा आपोआप दिसला: 'अजून रागावलीयस?'

हो म्हण. पण 'तुझ्या आईवर', असंही लिही.

– आई