दगडी कचेरीची उघडी खिडकी

कोल्हापूर, शिवाजी पेठ
मंगळवार, १८ फेब्रुवारी

सकाळी पाणी भरलं. दुपारी भात जास्त झाला. संध्याकाळी कचेरीत जाऊन आलो.

ती. गणपतराव पावणे यांस सा. नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला (गगनबावड्याच्या धुक्यात दोन्ही एकदमच सुरू होतात) आता उतारावर असतील. तुमचा पृथ्वीराज रविवारी माझी स्कूटर न्यायला येणार, हे लक्षात आहे.

शालनला जाऊन चार महिने होत आले, तरी पाच वाजले की मी स्कूटर काढतो. तुमच्या बहिणीला आणायला इतकी वर्षं त्या दगडी कचेरीबाहेर चिंचेखाली थांबलो, पण आत कधी पाऊल टाकलं नाही. आता स्कूटर जायची, म्हणून आज टाकलं.

पावणे, इमारत बघावी अशी आहे. इंग्रजांच्या काळात कुणा गोऱ्या साहेबानं आखली, पण काळा दगड घडवला आपल्याच पाथरवटांनी; कमानीवरचं एक पान दुसऱ्यासारखं नाही. भिंती एवढ्या रुंद, की खिडकीत मांडी घालून जेवता येईल. वर दोरीनं उघडायचे झरोके. सगळा उकाडा तिकडून निघून जातो. (आमच्या स्लॅबच्या घराला हे कुणी शिकवलं नाही.) मी आ वासून छताकडे बघत राहिलो आणि तिथंच घोटाळा झाला. कृष्णात नावाच्या शिपायाला वाटलं, गळती तपासायला इंजिनिअर आला. "या साहेब, लई वाट बघायला लावलासा!" म्हणत त्यानं मला अख्खा मजला फिरवला. चहा आला. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. नाही म्हणायला जेवढं बोलावं लागतं, तेवढंही मला सुचेना. मी भिंतीवर टिचक्या मारल्या आणि "हं" म्हणालो. त्यावर एका अधिकाऱ्यानं गंभीरपणे मान डोलावली.

कोपऱ्यातली एक खिडकी दगड लावून उघडी ठेवली होती. "ही मोडकी म्हणून लिवू नगासा," कृष्णात म्हणाला. "आमच्या शालन मॅडम हितनं मालकांची वाट बघायच्या. त्यो गडी येळंआधी यायचा, गाडीच्या आरशात बघून केस इंचरायचा. मॅडम समद्यास्नी बोलवून दावायच्या. वरनं नुसतं डोस्कं दिसायचं की!"

मी मान खाली घातली. तेव्हा त्यानं माझा भांग ओळखला. दोघं खाली चिंचेकडे बघत राहिलो.

आपला,
अण्णासो

ता. क. पृथ्वीराजला रविवारी पाठवू नका. स्कूटर मला लागते.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं, बुधवार उजाडला. खिडकी लावणार नाही म्हणालाय कृष्णात. आता संध्याकाळचे पाच वाजत आले. कंगवा खिशात घातला.